सुईचे दोन पंख

त्या सकाळी आठच्या सुमारास आई घरामागच्या बागेत ओले काजू काढायला गेली. ओल्या काजूच्या सालीतला डिंक लागला की कातडी भाजते, म्हणून निघण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळले होते. सुक्या पानांत तिला घोट्याजवळ काहीतरी टोचले. काटा समजून तिने बादली भरेपर्यंत काम केले आणि मगच घरी आली.

"काटो लागलो," ती म्हणाली.

घोटा सुजला होता. दोन बारीक ठिपक्यांतून रक्त येत होते आणि पुसले तरी पुन्हा येत होते. मी बागेत जाऊन काठीने पाने सारली. वीतभर लांबीचे फुरसे तिथेच वेटोळे करून बसले होते.

ग्रामीण रुग्णालय आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. कसालच्या तिठ्यावर एका ट्रकमागे रिक्षा अडकली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पेपरवालो. उद्या माजा नाव छापशीत. बादली भरली होती, ता पण लिव."

सर्पदंशाच्या बातम्या मी अनेकदा लिहिल्या आहेत. चार ओळींची बातमी असते आणि तिसऱ्या ओळीत 'उपचारादरम्यान' हा शब्द येतो. रिक्षात दुसरा कोणताही शब्द मला आठवत नव्हता.

सिस्टरने आधी डाव्या हाताला नेहमीची सलाईनची सुई लावायचा प्रयत्न केला. शीर फुटली. तिने कापूस दाबून धरला. पाच मिनिटांनी कापूस काढला तर खालून रक्त वाहत होते. डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी कापसाकडे पाहिले आणि आवाज न चढवता सांगितले, "यांना उगाच टोचू नका. जिथे टोचाल तिथून रक्त येत राहील. एकदाच, बारीक सुईने."

सिस्टरने ट्रेमधून दुसरी सुई काढली. लहान मुलांना लावतात ती. सुईच्या मुळाशी प्लास्टिकचे दोन पातळ पंख होते आणि मागे बारीक नळी. पंख चिमटीत मिटून तिने उजव्या मनगटाजवळ सुई आत सरकवली. नळीत रक्त चढले. त्यातले थोडे तिने काचेच्या कोरड्या नळीत घेतले, ती नळी खिडकीत उभी केली आणि मग सुईला सलाईन जोडले.

"वीस मिनिटं त्या नळीला कोणी हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त गोठलं तर ठीक. नाही तर विष रक्तात उतरलंय."

मी घड्याळात वेळ पाहून ठेवली.

सुई बसली, पण चिकटपट्टी बसेना. तेलावर ती धरत नव्हती. सिस्टरने स्पिरिटने दोनदा पुसले, पण घामाबरोबर तेल पुन्हा वर आले.

"काकी, इतक्या तेल कित्याक?"

"काजू काय तू फोडतलंस?" आई म्हणाली.

मी म्हणालो, कापडाची पट्टी गुंडाळू या. सिस्टरने मान हलवली. सुईभोवती सूज आली तर ती दिसायला हवी. तिने माझी दोन बोटे धरून पंखांवर ठेवली. "असे धरून रवा. दाबू नकात, सोडू नकात. ही सुई सुटली तर दुसरी शीर माका गावाची नाय."

खोलीत ती एकटीच सिस्टर होती. दुसऱ्या खाटेवरून हाक आली आणि ती गेली.

मी पंख धरून उभा राहिलो. बोटांखाली शीर उडत होती, की माझीच नाडी होती, ते मला कळत नव्हते. माशी आईच्या कपाळावर बसली. तिने हात उचलला.

"हलू नको!" मी ओरडलो. खोलीतले सगळे वळून पाहू लागले.

"मेल्या, माशी मारतंय. तू किती घाबारलंस रे," ती म्हणाली. तिच्या हिरडीला रक्ताची रेघ होती. मी ती पाहिली आणि तिला सांगितले नाही.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी काचेची नळी एकदा आडवी केली. रक्त पाण्यासारखे काठापर्यंत धावले. त्यांनी विषाच्या उताऱ्याच्या कुप्या मागवल्या आणि त्या सलाईनमध्ये मिसळल्या. उतारा त्याच सुईतून जाणार होता. तासभर मी बोटे हलवली नाहीत. खांद्यात कळ येत होती. उतारा सोसला नाही तर थंडी वाजते, तशी वाजली तर लगेच सांगा, असे डॉक्टर बजावून गेले होते, म्हणून मी दर थोड्या वेळाने विचारत होतो आणि ती "नाय रे" म्हणत होती. पुढे ती उत्तर देईनाशी झाली. झोप लागली होती. ती झोपच आहे हे मी तिच्या छातीकडे बघून ठरवले.

दुपारी साडेचारला पुन्हा तपासणी झाली. तसलीच पंखांची सुई, या वेळी कोपराजवळ, एकदाच. काचेची दुसरी नळी खिडकीत उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहत होतो, नळीकडे पाहायचे धाडस होत नव्हते.

डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त हलले नाही.

"पुन्हा एकदा करून बघता का?" मी विचारले.

"एकदाच करायची असते. आता सहा तासांनी दुसरं रक्त घेऊ."

आई जागी झाली होती. सकाळी जिथे शीर फुटली, तिथे डाव्या हातावर सिस्टरने बदललेला कापूस होता. तो पांढरा दिसत होता. आईने तो काढायला बोट नेले. मी तिचा हात धरला आणि कापूस तिथेच राहू दिला.