डिलीटच्या आधीचं पान

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. गावच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाइटही मी एकटीने बांधली, हे मी ताठ मानेने सांगते. विकत काही आणलं नाही. ओपन सोर्स फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे जगभरच्या प्रोग्रामरांनी तयार करून फुकट वाटलेला सांगाडा. त्यात बोटी भरल्या, प्रत्येक बोटीखाली खलाशी, त्यांचे फोन. वाऱ्याचा इशारा आला की सोसायटीचे सेक्रेटरी काका एक बटण दाबत आणि समुद्रावरच्या सगळ्यांना मेसेज जाई.

त्या दुपारी मी सरावलीहून रिक्षाने घरी निघाले होते. काकांचा फोन आला.

"पोरी, वारा उठतोय. तुज्या बापाची नवी बोट टाकतोय, तर तुजी वेबसाइट घेत नाय. बोलते, या नावाची बोट हाय."

आमच्याकडे बोट विकतात, नाव विकत नाहीत. ते नव्या बोटीवर चढतं. आणि एका नावाच्या दोन बोटी नकोत, हा नियम मीच घातलेला. बाबांनी विकलेल्या जुन्या बोटीवर काकांनी 'बंद'ची खूण केली होती. बंद बोटीच्या खलाशांना इशारा जात नाही. तेच खलाशी घेऊन बाबा सकाळी नव्या बोटीतून गेले होते.

"मंग जुनी डिलीट मारली," काका म्हणाले.

"मारली?" मी ओरडलेच.

"क्या हुआ मॅडम?" रिक्षावाल्याने ब्रेक दाबला.

"थांब ना गो," काका म्हणाले. "दाबलं, तर आनखी एक पान आलं. विचारतंय, बोटीबरोबर हे पन पुसले जातील, नक्की ना? खाली सगले खलाशी. पयलं नाव तुज्या बापाचं. मानूस दर्यात हाय नि त्याचं नाव मी पुसू? तुजी आय मला विळीवर कापेल."

ते पान मी लिहिलेलं नव्हतं. फ्रेमवर्कबरोबरच येतं. आमचा किनारा कधी न पाहिलेल्या कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं.

"मागे या, काका. जुनीच बोट उघडा. नंबर नव्या बोटीचा घाला, 'बंद'ची खूण काढा."

"म्हंजे नवी टाकायचीच नाय?"

"नको. नाव तरी कुठे नवं आहे?"

एकेक बोटाने ते आकडे दाबत होते. फोनवर टकटक ऐकू येत होती. बाहेर माड वाकायला लागले होते.

"सेव झालं," काका म्हणाले. "इशारा सोडला."

बाबांचा फोन लागेना. पुन्हा लावला, नाहीच. तिसऱ्यांदा आधी नुसता वारा ऐकू आला, मग ते.

"मेसेज आला. आमी वळलोय. आयला सांग, भात टाक."