पिकअपचे पिवळे लाइट

१२ डिसेंबर.

पावसाळ्यापासून इथे एक ओळही लिहिली नाही. काहींनी काळजीने विचारलं, त्यांनाही धड उत्तर दिलं नाही... चुकलंच माझं, राग धरू नका. धान निघालं, रचलेली पुंजणी चुरून मळणी झाली, आणि मग रोजची पहाट भाजीच्या गाडीमागे जाऊ लागली.

आम्ही एकोडीच्या काही शेतकऱ्यांनी मिळून एक जुना पिकअप घेतला आहे. वांगी, वाल, टोमॅटो पहाटे भंडाऱ्याच्या बाजारात जातात. गाडी चालवतात देवानंदभाऊ... वयाने माझ्याहून मोठे, सगळी हयात स्टिअरिंगवर गेलेली.

पण दिवाळीनंतर गाडी सारखी उशिरा पोचू लागली. उन्हं वर आल्यावर आलेल्या वांग्यांना कुणी हात लावत नाही. दुसरा ड्रायव्हर बघू, असं आमच्यातले काही जण बोलू लागले.

देवानंदभाऊंचं म्हणणं एकच. "धुक्यात लाइट कमी पडून राहिला, भाऊ. समोर पिवळे एलईडी लावून पाहा." मला ते पटलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर, सकाळी दाट धुकं असतं, आणि त्यातच बैलगाड्या चालतात, मागे दिवा नाही की चमकपट्टी नाही.

काल दुपारी आम्ही दोघांनीच लाइट बसवले. बंपरवर ब्रॅकेट, बॅटरीपासून फ्यूज, मग रिले, डॅशबोर्डवर वेगळा स्विच. स्विच दाबला तर काहीच नाही... अर्थिंगची वायर मी रंगावरच कसली होती. रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा कुठे दोन्ही लाइट पेटले.

तरी मनात एक धाकधूक होतीच. आपल्याला दिसावं म्हणून समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपवायचे का? म्हणून दिवेलागणीला गाडी गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या भिंतीसमोर उभी केली. भिंतीवर खडूने जाड रेघ मारली, उजेड तिच्या वर जायला नको.

मी बंपरजवळ पाना घेऊन बसलो, देवानंदभाऊ सीटवर.

"वर घ्या." घेतला. "आणखी थोडा." उजेड रेघ ओलांडून विहाराच्या खिडकीवर गेला, तरी त्यांचं "वर घ्या" सुरूच. मला जरा रागच आला. रेघ कशासाठी मारली होती मग?

तेवढ्यात त्यांच्या घरच्या निर्मलावहिनी चहाला बोलवायला आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. उजेडाच्या कडेला होत्या, पण मला अगदी चेहऱ्यासकट दिसत होत्या. मी म्हटलं, "बघा, वहिनी उभ्या आहेत. एवढ्या उजेडात दिसतातच की."

"कुठं? ते तं घरी आहे," देवानंदभाऊ सीटवरून म्हणाले.

वहिनी हसल्या. "घ्या... लग्न झालं तेव्हापासून मले पाह्यलंच नाही यांनी, आज काय पाहून राहिले?"

मीही हसलो. देवानंदभाऊ हसले नाहीत. त्यांनी स्विच बंद केला.

मग हळूहळू सांगितलं. दिवसा काम भागतं, पण अंधारात कडा पुसल्यासारख्या होतात. पहाटे ते फाट्यावर गाडी थांबवतात, साकोलीवरून भंडाऱ्याला जाणारी पहिली एसटी येईपर्यंत. मग तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून निघतात. एसटीला उशीर, की आमच्या वांग्यांनाही उशीर.

"मले तं सांगाचं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी काय गावभर सांगत फिरणार होती?"

"तुले सांगतलं असतं तं तू घरी बसवलं असतं. " मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "यायले सांगतलं असतं तं यांनी."

खरंच बसवलं असतं. खरं सांगतो, ऐकताना माझ्या मनात आधी उद्याची वांगी आली. मग त्या बैलगाड्या, त्यांच्यावर बसलेली माणसं... आणि शेवटी देवानंदभाऊ. हा क्रम मला अजून टोचतो आहे.

तिथेच ठरवलं, डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत गाडी मी चालवणार, दिवसाही. देवानंदभाऊ सोबत येतील. बाकीच्यांना फोन केले, तर एकाने विचारलं, "मंग त्याचं काय काम?" मी म्हटलं, बाजारात आपल्या मालाचा भाव आजपर्यंत कोण करत आलं? मग म्हणाला, "बरं. सांभाळून चालवजा."

लाइट पुन्हा रेघेखाली आणले आणि आज पहाटे निघालो. धुक्यात पिवळा उजेड रस्त्यावर खाली पसरला होता, तेवढा पुरला. देवानंदभाऊ शेजारी बसून सांगत होते, "आता पाळ सुरू झाली... इथं गाड्या वळतात, हळू घ्या." आणि खरोखरच एक बैलगाडी होती. फाट्यावर थांबलो नाही. बाजार भरायच्या आत पोचलो.

परतताना ते म्हणाले, "तुमची ड्रायव्हिंग पाहून भेव वाटते, भाऊ. बरं झालं मले कमी दिसते." काल संध्याकाळनंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

हे इथे लिहू का, म्हणून त्यांना विचारलं. "लिवा ना. फोटो गाडीचा टाका, माझा नोका टाकू." म्हणून सोबत गाडीचाच फोटो आहे. इतक्या दिवसांची भीती त्यांनी माझ्यासमोर बोलून दाखवली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे... मी तसं विचारलंही नव्हतं.

डॉक्टरकडे एकटं जायला ते तयार नाहीत. माझे डोळेही चाळिशी उलटल्यापासून कुणी तपासलेले नाहीत.

उद्या: माल उतरवला की डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचा, दोघांचा.