घरचा पेशंट

महादूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा आगाशीच्या व्यसनमुक्ती केंद्रात आमचा सराव चालला होता. मी समुपदेशक, मैत्रीण कविता पेशंट. ती रडायचं नाटक करत होती... बातमी कळली आणि ती खरंच रडायला लागली. दीड महिना होऊन गेला, पण माझं अजून कशात लक्ष लागत नाही.

काका अर्नाळ्याचे. वीस वर्षं प्यायले, मग थांबले आणि केंद्रात आम्हा शिकाऊंना शिकवायला आले. कोर्सचं पुस्तक त्यांनी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. ते स्वतःच पेशंट व्हायचे आणि इतकं सफाईनं खोटं बोलायचे की आम्ही हमखास फसायचो. दोन मिनिटांत आमच्यातलं कुणीतरी उपदेश सुरू करायचं. काका लगेच उठून उभे राहायचे. "चला, पेशंट घरी गेला."

खरं सांगायचं तर हा कोर्स मी एकाच पेशंटसाठी धरला होता. माझ्या धाकट्या भावासाठी, नितीनसाठी. वर्गात शिकलेलं सगळं मी नायगावला घरी येऊन त्याच्यावर वापरायचे. एकदा तो म्हणाला, "ताई, तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस, नुसती प्रश्न विचारतेस." मग चार दिवस तो घरीच आला नाही. मी काकांना म्हटलं, तुम्ही तरी घ्या त्याला. ते म्हणाले, "घरचा पेशंट आपन घ्यायचा नाय. तू बहीन हायस, बहीनच ऱ्हा." त्याला घेण्याबद्दल हो नाही की नाही नाही. मला भयंकर राग आला. पुढे नितीनची दारू सुटली, तेव्हा मनात म्हटलं, बघा, मीच करून दाखवलं. तो ताठा मी शेवटपर्यंत सोडला नाही, याची आज लाज वाटते.

काकांच्या बाराव्याला मी अर्नाळ्याला पोचले, तर नितीन आधीच तिथे बसलेला. "पाच महिने रोज संध्याकाळी सातला फोन करायचे," तो म्हणाला. "जेवलास का, एवढंच विचारायचे. पोट भरलेलं असलं की तलफ कमी येते म्हणे. ताईला सांगू नका, असं मीच सांगितलं होतं."

आता सातचा फोन कोण करणार? मी तर बहीण. कविताचे वडीलही पितात, म्हणून आम्ही दोघींनी अदलाबदल केली. ती नितीनला फोन करते, मी तिच्या वडिलांना. सात वाजता मी गॅलरीत जाऊन "बाबा, जेवलात का?" विचारते. आत नितीनचा फोन वाजतो. एखाद्या दिवशी तो वाजून वाजून बंद होतो... तेव्हा आत धावायचं नाही, म्हणून मी गॅलरीचा कठडा घट्ट धरून ठेवते.