पाळीवरून आभाळ पाहणारी रीता

आमची रीता मुलचेऱ्याकडची, मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी. आमच्या गावात एमएस्सी झालेली पयली तीच. मी देवानंद, तिचा मोठा भाऊ. मी सातवीतच शाळा सोडली, पण तिले नागपूरच्या कॉलेजात नेऊन टाकणारा मीच.

२००५ मधी तिले पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. आभाळात गामा किरणांचे स्फोट होतेत, उपग्रह ते टिपते, अन् त्याचे आकडे तपासाचं काम रीताचं. मी चौकात सांगतलं, "माही बहीण अंतराळात चालली."

मी घरी पोचाच्या आधी बातमी पोचली. दोन वर्षांआधी एक यान सात माणसांसकट जळलं, ते मायनं टीव्हीवर पायलं होतं. ती चुलीपाशी रडत बसली. बाबा जाळं शिवत होते. "नाई जाची," म्हणले.

"बाबा, मी वर नाई जात."

"मंग तुहा भाऊ खोटं बोलला का?"

"खोटं नाई," मी म्हणलं. "जरासं पुढचं बोललो."

माय म्हणे, "तुह्या जिभेले कुलूप लाव गा."

सकाळी रीता आमच्यासंगं तलावावर आली. बाबा कमरभर पाण्यात, हातावर जाळं घेऊन गुपचूप उभे. बाबासारखा जाळं फेकणारा तालुक्यात नाई. मासा उसळला का ते वळतेत अन् पाण्यावर उठलेल्या गोलावर जाळं टाकतेत. गोल विरला का मासा गेला. त्या दिवशी हातभर रोहू निंघाला.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसलेली रीता म्हणाली, "बाबा, उपग्रह असाच उभा रायते. गामा किरणं हवेतून खाली पोचत नाई, म्हणून त्याले वर ठेवलं. लई दूर तारा फुटते, काही सेकंद चमकते. उपग्रह मिनिटभरात तिकडं वळते अन् मागं उरलेला उजेड पायते."

"त्याच्यात माणूस कोण बसते?"

"कोणीच नाई."

"अन् तू?"

"मी पुण्यात. खुर्चीवर."

बाबा जाळं पिळत राह्यले. "वळाले उशीर झाला तं?"

"उजेड विझते. मंग तारा नेमका कुठी फुटला, ते समजत नाई."

बाबानं तलावाकडं पायलं. पाणी सपाट झालं होतं.

"जा," ते म्हणले. "पण पाळीवरच राहाजो."

आठ दिवसांनी तिले बसमधी मीच बसवलं. कंडक्टरले सांगतलं, "माही बहीण पुण्याले खुर्चीवर बसाले चालली." त्यानं पुसलं नव्हतं.