साहेबांसाठी आणलेली सुशी

आमच्या दुबईच्या ऑफिसात पूर्वी कुणाचा निरोप समारंभ असला की समोसे यायचे. नवे साहेब आले आणि सुशी आली. साहेब पुण्याचे. एकदा कामासाठी टोकियोला जाऊन आले होते, आणि त्या एका दौऱ्यावर त्यांचं सगळं अध्यात्म उभं होतं. आम्हीही मुकाट्याने चॉपस्टिक्स धरायला शिकलो. वार्षिक अप्रेझल जवळ आलं होतं.

त्याच दिवसांत मी साहेबांना सपत्नीक घरी जेवायला बोलावलं. "मसालेभात करते," बायको म्हणाली.

"साहेबांना मसालेभात?" मी म्हणालो. "सुशी आणतो."

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मॉलमधून भलामोठा ट्रे घेतला. सगळ्यात वर भाताच्या मुटक्यांवर ठेवलेले कच्च्या सॅमन माशाचे तुकडे, खाली काकडीचे रोल, आणि एका कोपऱ्यात चक्क पनीर टिक्का रोल. ट्रे शेजारच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावला, एसीची जाळी त्याच्याकडे वळवली आणि शारजातल्या घराच्या रस्त्याला लागलो. पुढे कुठेतरी टँकर आडवा झाला होता. गाड्या जागच्या हलेनात. डावीकडच्या काचेतून मावळतीचं ऊन नेमकं सॅमनवर पडत होतं. मी ऑफिसची फाइल त्याच्यावर धरून बसलो. बाजूच्या गाडीतला माणूस माझ्याकडे दयेने बघत होता.

घरी पोचलो तेव्हा मुलीने ट्रेला हात लावला आणि मागे सरकली. "बाबा, इट्स वॉर्म! यू कान्ट सर्व्ह धिस!"

साहेबांचा मेसेज आला होता, तेही त्याच जॅममध्ये अडकलेत. बायकोने समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींना हाक मारली. भाभी रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांचा मसाल्यांचा धंदा आहे. त्यांनी एक तुकडा उचलून हुंगला.

"वास नाही आलेला. पण हे असंच खायचं? कच्चं?"

"जपानमध्ये खातात," मी म्हणालो.

"खात असतील. आपण तळूया. तेलातून काढलं की खलास."

मग दोघींनी सॅमन भातावरून सोलून काढला, हळद, तिखट, कोकमाचं पाणी चोळलं, रव्यात घोळवला आणि तव्यावर सोडला. भात मुलीने पुन्हा मुठीने वळला. त्यावर तळलेला मासा ठेवून वर समुद्री शेवाळाची पट्टी गुंडाळली. दिसायला ते पट्टा लावलेल्या कटलेटसारखं दिसत होतं. मी मनातल्या मनात नवी नोकरी शोधायला लागलो.

साहेब बायकोला घेऊन आले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मूळ सुशी म्हणजे काय माहितीये?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. "मासा टिकावा म्हणून भातात दाबून ठेवायचे. भात आंबायचा, तो फेकून द्यायचे, मासा खायचे. पुढे लोक भातही खायला लागले. मग घाईतल्या लोकांसाठी रस्त्यावरच्या गाड्यांवर हाताने वळून द्यायला लागले. बिचारी सुशी वडापावच्या जातीची! अमेरिकेत गेली आणि आत ॲव्होकाडो भरून महाग झाली."

"आणि हे तळलेलं?" माझ्या बायकोने विचारलं. मी टेबलाखालून तिला पायाने डिवचलं.

"टेम्पुरा स्टाइल! तळणं जपान्यांना पोर्तुगीजांनी शिकवलं. आणि पोर्तुगीज तिकडे गेले कुठून? आपल्या गोव्यातून! म्हणजे बघा, वहिनी, हे खरं तर आपलंच." एवढं बोलून त्यांनी रवा लागलेली बोटं चाटली. "जपानमध्ये मी नेमकी हीच चव चाखली होती."

"टोकियोच्या हॉटेलात तुम्ही रोज खिचडीचं पाकीट गरम करून खायचात," साहेबांच्या बायको शांतपणे म्हणाल्या. साहेबांनी पाणी मागितलं.

त्या वर्षी माझं अप्रेझल उत्तम झालं. शेऱ्यात 'जागतिक दृष्टिकोन' असे शब्द होते. साहेबांनी ऑफिसच्या पुढच्या पार्टीला केटररकडून 'ऑथेंटिक कोस्टल सुशी' मागवली. ती भलतीच कोरडी होती आणि सगळ्यांनी तिची तारीफ केली.

भाभींना मात्र कच्चा मासा लागतो तरी कसा, या विचाराने चैन पडेना. एका शनिवारी त्या माझ्या मुलीला घेऊन सुपरमार्केटात गेल्या, गार कपाटातली कच्च्या माशाची सुशी घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. बराच वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा उचलला.