तक्त्यातली पुण्याची ओळ

निनाद निघाला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि मी त्याचा शर्ट खोचत होते. दुबई विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत. करामातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या साठेकाकू सुट्टीवर चालल्या होत्या. मुंबईपर्यंत तो त्यांच्याबरोबर जाणार होता आणि तिथून माझे धाकटे दीर त्याला पुण्याला नेणार होते. निनादचे बाबा ट्रॉली धरून उभे होते, एक शब्द बोलत नव्हते. बोलायचं खातं माझ्याकडेच होतं. "पुण्याच्या काकूला मदत कर. गणिताला रोज एक तास. आणि दिवाळीपर्यंत आम्ही येतोच आहोत कायमचे." तो मान हलवत होता. लोक आपलं गाव सोडून दुबईला येतात. माझा मुलगाही त्या दिवशी गाव सोडून चालला होता, आणि त्याचं गाव दुबई होतं. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. तिथे माझा तक्ता होता.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि माझ्यासारखे जे इकडे येऊन इथलेच झालात, त्या सगळ्यांना त्या काळच्या मला एकदा भेटवायला हवं. छत्तीस वर्षांची बाई. खांद्यापर्यंत कापलेले केस, अल मनखूलच्या पार्लरमधून दर महिन्याला सेट केलेले. काखेत लांब वही. वहीत पट्टीने आखलेला तक्ता: डावीकडे दुबई-शारजातल्या भारतीय शाळा, वर रकाने. दहावीचा निकाल. गणिताच्या टीचर किती वर्षं टिकतात. बस किती वाजता येते. ही बाई टळटळीत उन्हात शाळांच्या फाटकासमोर उभी राहून सुटलेल्या बुटांच्या नाड्या मोजायची! एका वॉचमनने तिला दोनदा हटकलं, तर त्यालाच तिने शाळेत शिस्त आहे म्हणून एक गुण दिला. सरकारने तिला शाळा तपासनीस का नेमलं नाही, याचं तिला मनापासून आश्चर्य वाटे.

सगळ्यात शेवटचा रकाना होता, 'परत गेल्यावर अडचण?' खरं तर त्यावरच सगळं ठरायचं. आम्ही सगळेच दोन वर्षांसाठी आलो होतो ना. सोफा घेतला नाही, दोन वर्षांसाठी कशाला. पडदे जुन्या साड्यांचे. मैत्रिणी विचारायच्या, कधी जाताय? मी म्हणायची, पुढच्या जूनला, इन्शाल्ला. असे बरेच जून गेले. शाळासुद्धा मी अशी निवडायची की सोडताना त्रास होऊ नये. जिथे मूल रोज सहा तास बसणार, ती जागा सोडायला किती सोपी एवढंच मी पाहायची.

शेवटी मी त्या तक्त्यात पुण्याची ओळ घातली. भाऊजींच्या घराजवळची शाळा, मेरिट लिस्टमध्ये मुलं येणारी. बाकीच्या शाळा तिच्यापुढे फिक्या पडल्या. ठरलं, निनादने नववीला पुढे जायचं आणि आपण मागोमाग. माझी आई फोनवर म्हणाली होती, "अगं, पोराचं तोंड रोज दिसायला नको का?" मी तिला शाळेचा निकाल वाचून दाखवला.

आम्ही त्या दिवाळीला गेलो नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. निनाद तीन वर्षं काकांकडे राहिला, मग हॉस्टेलवर, मग इंजिनिअर होऊन नोकरीसाठी परत इथेच आला. त्याच्या बाबांशी तो आदराने वागायचा, पाहुण्याशी वागावं तसा. सहा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा त्याने सगळं व्यवस्थित केलं. रडला नाही. मी त्याला रडायला सांगू शकले नाही, कारण तो का रडत नाही हे मला ठाऊक होतं.

आता मी त्याच्याकडेच असते, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. सून स्नेहल आणि नात ईरा, वय तेरा, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. ईराची शाळा आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात घरात पुन्हा शाळांची तुलना सुरू झाली. वही गेली, लॅपटॉपवर शीट आली. सरकारी तपासणीचा शेरा आऊटस्टँडिंग की व्हेरी गुड की नुसता गुड, बोर्ड कुठलं, बसला किती वेळ. स्नेहल फी वाचायची, निनाद तिचे रुपये करायचा आणि मग दोघंही पुढच्या शाळेकडे वळायची. मी भाजी निवडत ऐकत असे आणि मनात हसत असे. पोरगा आमच्याच वळणावर गेलाय म्हटलं, नाड्या तेवढ्या मोजत नाही.

एका शनिवारी जेवणं झाल्यावर निनादने शीटमध्ये खाली आणखी एक ओळ घातली.

"पुणे," तो म्हणाला. "नववीपासून तिथे. स्नेहलचे आईबाबा आहेतच. कंपनीत काय चाललंय दिसतंय ना, दोन वर्षांत आपण तसेही परत जाणार. ती आधी जाऊन सेट होईल."

"आणि आपण?" स्नेहलने विचारलं.

"मागोमाग."

ईरा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डू आय गेट अ व्होट?" दोघं शीटकडेच पाहत होती, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "आज्जी?" मग मैत्रीण खाली थांबलीय म्हणून निघून गेली. दार जरा जोरात लागलं.

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. माझं वय आता गप्प बसण्याचंच, असं सगळ्यांचं मत आहे. पण माझी वाक्यं तो बोलत होता, जशीच्या तशी, आणि ती खोटी होती हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"निनाद, तू पुण्याला जायच्या आधी आठ दिवस बाबांचं पत्र आलं होतं ऑफिसातून," मी म्हटलं. "नोकरी आणखी तीन वर्षं वाढवल्याचं."

"आधी?"

"आधी. आम्ही दिवाळीला येणार नाही हे तुला विमानात बसवताना मला माहीत होतं."

"पण बाबा म्हणाले होते..."

"मी म्हणाले होते. बाबा गप्प उभे होते. ते म्हणत होते तिकीट रद्द करू, पोराला इथेच ठेवू. मीच अडून बसले. सगळ्यांना सांगून झालं होतं, शाळेत जागा मिळाली होती. आणि खरं सांगू? पाच शाळा पालथ्या घालून मी तो तक्ता केला होता. तो चुकला असं मला म्हणायचं नव्हतं."

स्नेहल हळूच उठून आत गेली. निनाद टेबलावरचा पाण्याचा ग्लास गोल गोल फिरवत राहिला.

"मी बाबांना एकदा बोललो होतो," तो म्हणाला. "बारावीच्या सुट्टीत. म्हटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा नोकरी मोठी वाटली. त्यांनी तेव्हाही नाही सांगितलं?"

"नाही."

"का?"

"मी सांगेन म्हणून थांबले असतील."

ते थांबले आणि गेले. मी मात्र फाटकासमोर तासन् तास उभी राहू शकणारी बाई, स्वतःच्या मुलासमोर हे एक वाक्य घेऊन तीस वर्षं उभी राहू शकले नाही. त्या बाईच्या केसांना मी हसते, तिच्या वहीला हसते. या जागी आलं की हसू येत नाही.

निनाद चपला घालून खाली गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत, मान खाली. पुढचे आठ-दहा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. औषध घेतलंस का, एसी बंद करू का. मी त्यावर तक्रार करणार कुठल्या तोंडाने?

मग एका दुपारी ईरा लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आज्जी, लुक. पुणे रो इज गॉन. बाबा डिलीटेड इट." तिने स्वतः एक शाळा निवडली होती. शेरा नुसता गुड, बसला वीस मिनिटं, आणि तिच्या दोन मैत्रिणी तिथे जाणार. मी विचारलं, गणिताच्या टीचर कशा आहेत? ती म्हणाली, "आज्जी, खलास!" खलास म्हणजे इथल्या अरबीत पुरे, आणि मी पुरे केलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी निनाद जेवताना आपणहून बोलला. पुण्याबद्दल, पहिल्यांदाच.

"काकू चांगली होती गं," तो म्हणाला. "कधी काही कमी केलं नाही. दोन पोळ्या वाढायची, मग विचारायची, अजून हवी का? मी नको म्हणायचो. भूक असायची. पण मला मागवत नसे."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं. सॉरी हा शब्द तिथे फार लहान होता आणि मराठीतला माफीचा शब्द आमच्या घरात कुणी कधी वापरलेला नाही. तो सांगत राहिला. स्कॉलरशिपच्या परीक्षेचं, सायकलचं, पत्रात काय लिहायचं नाही हे कसं ठरवायचा त्याचं. आता तो अधूनमधून सांगतो, एका वेळी थोडं. मी ऐकते. मधे बोलत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड आहे.

लोक मला विचारतात, आजी, तुमचं घर कुठलं, पुण्याचं की इथलं? आधी मी लांबलचक उत्तर द्यायची, आता परवाचं सांगते. परवा ईरा शाळेतून आली, युनिफॉर्म न बदलता स्वयंपाकघरात शिरली, डब्यातल्या चार पोळ्या उचलल्या आणि उभ्याउभ्या लोणच्याशी खायला लागली. स्नेहल ओरडली, "अगं, ताट घे! आणि विचारायचं तरी!"

"कशाला विचारायचं?" मी म्हटलं आणि तिच्यासाठी पाचवी लाटायला घेतली.