जाळ्याचं दुसरं टोक

वाळूजच्या कारखान्यात पंधरा वर्षं शिफ्ट केली की माणसाला नुसतं बसता येत नाही. हे मला गोदाकाठच्या एका गावात कळलं, आणि लई वाईट रीतीनं कळलं.

आम्ही तिघं शाळेपासूनचे दोस्त. पाठीला सॅक लावायची, दोन दिवस नदीच्या कडेनं चालायचं, देवळात पथारी टाकायची, असं ठरलं होतं. खरं कारण वेगळं होतं. आमच्यातल्या एकाची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेली होती आणि घरी पत्ता नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, हर्सूल तलावावर दिवस काढायचा. दुसऱ्यानं त्याला तिथं पाहिलं आणि मला सांगितलं. थेट विचारलं तर तो हसून उडवून लावणार. म्हणून त्याला बाहेर काढू, आपणहून मोकळा होईल, ही अक्कल माझी.

अक्कल माझी म्हणून वेळापत्रकही माझंच. साडेसातला चहा, दहाला पुढचं गाव. तो बाभळीखाली टेकला की मी घड्याळ बघायचो. एकदा म्हणाला, "थांब ना जरा, एक सांगायचं होतं."

"चालता चालता सांग," मी म्हटलं. मग तो कशाला सांगतोय? माझाच मला राग आला, तरी पाय थांबेनात.

त्या गावात मात्र कुणालाच घाई नव्हती. घाटावर एक म्हातारे चाचा फाटलेलं जाळं सांधत बसले होते. जवळ बसेल त्याच्या हातात जाळ्याचं दुसरं टोक द्यायचं, ताणून धरायला, अशी तिथली रीत. आधी मला दिलं. पाच मिनिटांत मी चुळबुळायला लागलो.

"चाचा, पलीकडं जायची होडी कधी सुटंल?"

"सुटंल की. माणसं तर येऊ द्या."

मी ते टोक नोकरी गेलेल्या दोस्ताच्या हातात कोंबलं आणि होडीवाल्याला शोधायला निघालो. दुसरा माझ्यामागं आला, "तुझ्या पायाला भिंगरीच हाय," असं बडबडत.

तासाभरानं होडी ठरवून परतलो. तो टोक धरून तसाच बसलेला, डोळे लाल. चाचा गाठ मारता मारता विचारत होते, "मग घरात कवा सांगणार?"

"आज," तो म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आतून नुसता जळफळाट झाला. एवढी पायपीट मी केली, आणि यानं सांगितलं कुणाला, तर तासाभराच्या ओळखीच्या माणसाला!

होडीत बसल्यावर राहवलं नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"चारदा तोंड उघडलं," तो शांतपणे म्हणाला. "तू दर वेळी उठलास."

होडी नदीच्या मधोमध होती. उठून जायला जागा नव्हती. मी म्हटलं, "आता सांग."